लाल रंगातली यादी आणि वाळत चाललेले लेकरू

पत्र : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात घसा आणि कानाच्या दुखण्यासाठी त्याला तीन वेळा अँटिबायोटिक औषधे दिली गेली. त्यानंतर पोट दुखणे, पोट फुगणे, पातळ शौच, जांघेत लाल चट्टा आणि सतत चिडचिड सुरू झाली. एका परिचितांच्या सांगण्यावरून आम्ही रक्ताची ‘फूड इन्टॉलरन्स’ तपासणी करून घेतली. त्यात गहू, दूध, दही, शेंगदाणा, तूर आणि यीस्ट लाल रंगात आले. आतड्यात यीस्ट वाढले आहे असे सांगून आम्हाला हे सर्व, शिवाय साखर, गूळ, फळे, इडली आणि डोसा बंद करायला लावले. पूर्वी तो दिवसाला तीन मोठे पेले दूध घ्यायचा आणि शाळेच्या डब्यासोबत बिस्किटे व पाकिटातला ज्यूस न्यायचा. पथ्याला पाच आठवडे झाले. पोट बरेच बरे आहे, पण वजन १६.५ किलोवरून १५.४ किलोवर आले. या वर्षी त्याला गड्ड्याच्या यात्रेलाही नेले नाही, कारण तिथे काय काय नाकारायचे? आता तीन महिने बुरशीविरोधी गोळ्या द्या असा सल्ला मिळाला आहे. सासूबाई म्हणतात, ‘लेकरू वाळून चाललंय.’ पथ्य चालू ठेवू का?
— एक आई, जुळे सोलापूर

ताई,

तुमच्या सासूबाईंच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण त्यांचे आहे. या वयाचे मूल वर्षाला साधारण दोन किलोने वाढते, म्हणजे पाच आठवड्यांत त्याचे वजन दीडदोनशे ग्रॅमने वाढायला हवे होते. ते उलट १.१ किलोने, म्हणजे जवळजवळ सात टक्क्यांनी उतरले आहे. पोट शांत झाले ही गोष्ट खरी असली, तरी ज्या पथ्याने मुलाची वाढ थांबते ते पथ्य लागू पडले असे म्हणता येत नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो : हे पथ्य आहे त्या स्वरूपात चालू ठेवू नका, गोळ्या सुरू करू नका, आणि याच आठवड्यात मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मात्र एक तपासणी आठवड्यापर्यंतही लांबवू नका. लंगोट केव्हाच सुटलेल्या मुलाच्या जांघेत चट्टा येतो आणि त्याच सुमारास वजनही उतरते, तेव्हा डॉक्टरांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो मधुमेहाचा. लहान मुलांना होणाऱ्या टाइप १ मधुमेहात रक्तातील आणि लघवीतील साखर वाढते, आणि अशा ओलसर जागी त्वचेवरची बुरशी फोफावते. तो वारंवार पाणी मागतो का, रात्री लघवीला उठतो का, अंथरूण ओले करणे बंद झाले असताना पुन्हा सुरू झाले आहे का, हे आठवून पाहा. बहुधा तसे काही नसेल, कारण अँटिबायोटिकनंतर असा चट्टा येणे नवलाचे नाही आणि वजन उतरण्याला तुमचे पथ्य पुरेसे कारण आहे. पण बोट टोचून रक्तातील साखर पाहायला एक मिनिट पुरते, ती आजच पाहून घ्या. उलट्या, खोल आणि जोरजोरात चालणारा श्वास किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर कोणत्याही सल्ल्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

आता यीस्टविषयी. या एका शब्दाखाली तुम्हाला तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधून दिलेल्या दिसतात. पहिली म्हणजे कॅन्डिडा नावाची बुरशी, जी कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात आयुष्यभर गुपचूप राहते. अँटिबायोटिकने तिच्या शेजारचे जिवाणू मेले की ती काही काळ वाढते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर येतो किंवा जांघेत कडेला बारीक पुटकुळ्या असलेला लालभडक चट्टा उठतो, तो बहुतेक वेळा तिचाच असतो, आणि डॉक्टरांनी पाहून दिलेल्या क्लोट्रिमाझोलसारख्या मलमाने व जागा कोरडी ठेवण्याने तो जातो. दुसरी गोष्ट म्हणजे बेकरीतले यीस्ट. ते वेगळ्याच जातीचे असते आणि पाव भट्टीत भाजला जातो तेव्हा मरून जाते. त्याच्याच कुळातले एक यीस्ट तर बालरोगतज्ज्ञ जुलाबात पुडीतून औषध म्हणून देतात. तिसरी गोष्ट म्हणजे आपले आंबवलेले पदार्थ. दही जिवाणूंनी लागते, आणि इडलीचे पीठ फुगवण्यातही मुख्य वाटा जिवाणूंचाच असतो. त्यामुळे आतड्यात कॅन्डिडा आहे म्हणून इडली बंद करणे म्हणजे घरात उंदीर झाले म्हणून गाय विकण्यासारखे आहे.

शरीरभर यीस्ट वाढल्यामुळे थकवा, चिडचिड, पोटदुखी असे सगळेच होते, ही कल्पना १९८०च्या दशकात अमेरिकेत फार लोकप्रिय झाली. तेथील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने १९८६ मध्येच तिला पुरावा नसलेली कल्पना म्हटले. पुढे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हा त्रास असल्याचे मानल्या गेलेल्या ४२ स्त्रियांना आळीपाळीने बुरशीविरोधी औषध आणि औषधासारखी दिसणारी निष्प्रभ गोळी देण्यात आली, आणि शरीरभरच्या तक्रारींवर दोन्हींचा परिणाम सारखाच आढळला. साखर खाल्ल्याने आतड्यातील बुरशीला खाद्य मिळते हे ऐकायला पटते खरे, पण साखर बहुतांशी लहान आतड्यातच शोषली जाते, आणि निरोगी माणसांना मुद्दाम जास्त साखर देऊन पाहिले तेव्हाही त्यांच्या आतड्यातील कॅन्डिडात फारसा फरक पडला नाही. म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्यांना माझा विरोध आहे. पोटातून घेतल्या जाणाऱ्या अशा काही औषधांचा भार यकृतावर पडतो, आणि जो आजार सिद्धच झालेला नाही त्यासाठी पाच वर्षांच्या मुलाच्या यकृतावर तो का टाकायचा?

त्या लाल-हिरव्या अहवालाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण असे अहवाल घेऊन येणारे पालक मला हल्ली वारंवार भेटतात आणि त्यांनी त्यासाठी मोजलेली रक्कम ऐकून मला वाईट वाटते. या तपासण्या बहुधा रक्तातील आयजीजी नावाची प्रतिद्रव्ये मोजतात. एखादा पदार्थ शरीराच्या ओळखीचा झाला की त्याच्याविरुद्ध अशी प्रतिद्रव्ये तयार होणे स्वाभाविक असते. तो पदार्थ सोसत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितले आहे की अन्नाचा त्रास ओळखण्यासाठी ही तपासणी वापरू नये. तुमचा अहवाल पुन्हा समोर घ्या आणि लाल रंगातली नावे मोठ्याने वाचा. गहू, दूध, दही, शेंगदाणा, तूर : ही तर तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची यादी आहे. सोलापूरच्या घरात ज्या मुलाच्या ताटात रोज शेंगाचटणी पडते, त्याच्या रक्ताने शेंगदाण्याची ओळख सांगावी यात आश्चर्य ते काय? आणि हिरव्या रंगात कोणते पदार्थ आहेत तेही पाहा. त्यांपैकी बरेचसे त्याने कधी चाखलेलेही नसतील.

मग पोट बरे कसे झाले, असे तुम्ही विचाराल, आणि तो प्रश्न रास्त आहे. तुम्हाला दिसलेला फरक खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण पाच आठवड्यांत एकाच वेळी पुष्कळ गोष्टी बदलल्या. अँटिबायोटिकमुळे बिघडलेले पोट बहुतेक मुलांत काही आठवड्यांत आपोआप सावरते, त्यामुळे तुम्ही काहीच केले नसते तरी काही सुधारणा झालीच असती. बिस्किटे आणि पाकिटातला ज्यूस बंद झाला. फळांच्या रसातील काही साखरा लहान मुलांच्या आतड्यात पूर्ण शोषल्या जात नाहीत आणि त्यांनी वात व पातळ शौच होते. शिवाय तीन मोठे पेले दूध थांबले. जुलाबानंतर आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज हे पाचकद्रव्य काही आठवडे कमी पडते आणि दुधातली साखर पचत नाही. ही ॲलर्जी नव्हे, आणि बहुधा कायमची अडचणही नव्हे. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त संशय दूध आणि ज्यूस या जोडीचा येतो, पण एकाच दिवशी दहा गोष्टी बंद केल्यामुळे त्यांतली खरी कोणती हे आज तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही.

अन्नाचा खरा त्रास असतोच, आणि तो ओळखण्याच्या रीतीही ठरलेल्या आहेत. दूध, अंडे, शेंगदाणा यांची खरी ॲलर्जी असेल तर ती बहुतेक वेळा खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी, ओठ सुजणे, उलटी किंवा श्वास लागणे अशा रूपात दिसते. असे कधी घडले असेल तर तो पदार्थ घरी देऊन पाहू नये, आणि श्वास लागला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काही उशिरा उमटणाऱ्या ॲलर्जी तान्ह्या बाळांत शौचातील रक्ताच्या किंवा जोराच्या उलट्यांच्या रूपाने दिसतात. तुमच्या मुलाच्या वर्णनात तसे काही नाही.

गव्हाचे प्रकरण मात्र वेगळे आहे. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याचे अस्तर झिजवणारा सीलिअॅक हा आजार खरा आहे. पोट फुगणे, पातळ शौच, चिडचिड आणि न भरणारे अंग ही त्याचीच लक्षणे असतात. विलेम डिक नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता, आणि १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये युद्धामुळे उपासमार होऊन पाव मिळेनासा झाला तेव्हा ही आजारी मुले चक्क सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा बिघडली, हे त्याने पाहिले. आपल्याकडे जिथे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरीच असते त्या घरात हा आजार बराच काळ झाकलेला राहू शकतो. त्यासाठी टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी आणि तिच्यासोबत एकूण आयजीए, म्हणजे या प्रकारच्या प्रतिद्रव्यांचे रक्तातील एकूण प्रमाण, पाहतात. पण मूल गहू खात असेल तरच ती भरवशाची ठरते, आणि तुम्ही तर पाच आठवड्यांपूर्वीच गहू बंद केला. ही चूक तुमची नाही. पथ्य सांगणाऱ्याने आधी ही तपासणी करून घ्यायला हवी होती. आता डॉक्टरांशी बोलून पोळी पुन्हा सुरू करावी लागेल. साधारण नियम असा की रोज एकाहून अधिक जेवणांत गहू निदान सहा आठवडे पोटात गेल्यावर ही तपासणी करावी. आजार निघालाच तर गहू कायमचा सुटेल, आणि मग ज्या गिरणीत आधी गहू दळला त्याच गिरणीत दळलेले ज्वारीचे पीठ किंवा मैदा मिसळलेला डबीतला हिंगसुद्धा टाळावा लागेल. परंतु तो पुढचा विषय आहे. आज त्याची काळजी करू नका.

काढून टाकलेले पदार्थ परत कसे आणायचे, हा या उत्तराचा खरा गाभा आहे. कोणतेही पथ्य म्हणजे मुलाच्या शरीराला विचारलेला एक प्रश्न असतो. तो दोन ते चार आठवड्यांसाठी विचारावा आणि त्यानंतर पदार्थ परत देऊन उत्तर तपासावे. तुमच्याकडे प्रश्न दहा विचारले गेले आणि उत्तर तपासायचे राहून गेले. आता उलट चाला. ज्यांच्यावर कसलाही संशय नाही ते पदार्थ पहिल्याच दिवशी परत द्या : केळे, डाळिंब, चिकू, तुरीचे वरण, इडली, भाकरीवर कुस्करलेला थोडा गूळ. शेंगाचटणी तो इतकी वर्षे बिनतक्रार खात असेल, त्याला इसब नसेल आणि ती खाल्ल्यावर कधी गांधी उठल्या नसतील, तर तीही थोड्यापासून द्या. काही मुलांत, विशेषतः इसब असलेल्यांत, विनाकारण बराच काळ टाळलेला पदार्थ परत देताना तीव्र प्रतिक्रिया उमटते, म्हणूनच हा खुलासा केला. इसब असेल तर शेंगदाणा आणि दूध डॉक्टरांच्या देखरेखीखाली परत आणा.

त्यानंतर ताक आणि दही. दह्यातील जिवाणूंनी दुधातली साखर काही अंशी आधीच पचवलेली असते, म्हणून दूध न सोसणारी पुष्कळ मुले दहीभात आनंदाने पचवतात. तीन दिवस दही नीट गेले की पोळी, आणि तिला आठवडाभर अवधी देऊन मग सर्वांत शेवटी दूध : पहिले तीन दिवस जेवणानंतर अर्धा पेला, मग एक पेला, आणि एवढ्यावरच थांबा. पूर्वीचे तीन मोठे पेले पुन्हा सुरू करू नका. तेवढे दूध पोटात गेल्यावर मुलाला जेवणाची भूक उरत नाही आणि त्यातून लोह कमी पडते. एखाद्या पदार्थाने पोट बिघडले असे वाटले तर तो थांबवा, पोट पूर्ववत होऊ द्या आणि दोन आठवड्यांनी पुन्हा देऊन पाहा. दुसऱ्यांदाही तेच घडले तरच त्या पदार्थाला दोषी धरा. एक वही करा : तारीख, नवा पदार्थ, किती दिला, शौच कसे झाले, झोप कशी लागली. बालरोगतज्ज्ञांना त्या छापील अहवालापेक्षा ही वही दहापट उपयोगी पडेल.

तोवर वजन भरून काढण्यासाठी काही वेगळे विकत आणायची गरज नाही. मालदांडी ज्वारीची भाकरी तुपात कुस्करून आणि वरणात कालवून द्या, त्यावर शेंगांचे कूट घाला, खात असाल तर रोज एक अंडे द्या, आणि तीन जेवणांच्या मध्ये दोन वेळा काहीतरी भरीव खाऊ असू द्या. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ५५० मिलीग्रॅम कॅल्शियम लागते, आणि दूध, दही दोन्ही बंद असताना ते भरून काढणे कठीण जाते. नाचणीची एक लहान भाकरी सव्वाशेच्या आसपास देते आणि चमचाभर तीळ पन्नास-साठ देतात, म्हणजे संक्रांतीचा तिळगूळ लपवून ठेवला असेल तर तो आता बाहेर काढायला हरकत नाही.

चिडचिडीविषयी एक गोष्ट सांगतो, जी ऐकून पालक थोडे खट्टू होतात. साखरेने मुले चेकाळतात असे सर्वांनाच वाटते. १९९४ मधील एका प्रयोगात, आपली मुले साखरेने बिघडतात असे सांगणाऱ्या आयांच्या पाचसात वर्षांच्या मुलांना साखर नसलेले पेय देण्यात आले, पण काही आयांना सांगितले की यात भरपूर साखर आहे. त्या आयांना आपली मुले अधिक चंचल दिसली. आई जे शोधते ते तिला दिसते, यात तिचा दोष नाही, पण म्हणूनच वहीत ‘चिडला’ एवढेच न लिहिता ‘दुपारी चार वाजता, झोप झालेली नसताना, भूक लागलेली असताना’ असे लिहावे. पाच आठवडे उपाशी राहिलेले मूल चिडचिड करणारच, त्यासाठी यीस्टची गरज नाही. भडक रंगांच्या गोळ्या आणि मिठाईबाबत मात्र मी तुमच्याच बाजूने आहे. काही कृत्रिम रंगांचा मुलांच्या चंचलतेशी संबंध २००७ मधील एका ब्रिटिश अभ्यासात दिसल्यानंतर युरोपात २०१० पासून अशा पदार्थांवर तशी सूचना छापावी लागते. ते रंग नाही मिळाले म्हणून मुलाचे काहीच अडत नाही.

पुढच्या खोकल्याच्या वेळी, ताई, जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तेच अँटिबायोटिक परत आणू नका. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा असतो आणि त्यावर ते चालतच नाही. या औषधाची आता खरोखर गरज आहे का, एवढे डॉक्टरांना नम्रपणे विचारायला कसलाच संकोच नको. आणि शौचात रक्त दिसले, दुखण्याने तो रात्री झोपेतून उठू लागला, ताप राहिला, वारंवार उलट्या झाल्या, किंवा पथ्य सोडूनही तीन आठवड्यांत वजन वाढले नाही, तर वहीचे वेळापत्रक बाजूला ठेवून लगेच दाखवा.

सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा, त्यांना बरे वाटेल. हुरड्याचा हंगाम अजून थोडा उरला आहे. साखरेची तपासणी नीट आली की एखाद्या रविवारी त्याला कोणाच्या तरी शेतावर घेऊन जा. मूठभर कोवळा हुरडा, त्यासोबत बारीक कुटलेली शेंगाचटणी आणि गुळाचा एक खडा त्याच्या हातावर ठेवा, आणि सोमवारी वहीत त्याची नोंद करा.